समुद्राचा आवाज येणारी खोली

सोमवार, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही सहल मला कितीला पडली ते पैशांत विचारू नकोस. तो आकडा जावईबापूंकडे आहे, आणि सांगताना ते नेहमीपेक्षाही हळू बोलले, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या बाजूचा खरा खर्च वेगळाच. हिला आमच्या लग्नानंतर दाखवतो म्हटलेला समुद्र मी लेकीच्या लग्नानंतर दाखवतोय, तेव्हा मधल्या सगळ्या वर्षांचे टोमणे खर्ची पडले. सहल संपेपर्यंत पंप, मोटर, बेअरिंग हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असं कबूल केलं, म्हणजे बोलण्यासारखं माझ्याकडे जे काही होतं तेही गेलं. विमानात खिडकीची जागा हट्टाने घेतली आणि उतरेपर्यंत झोपलो. माझ्या पोटावरून वाकून ढग हीच बघत होती. या सगळ्याच्या वर माझा स्क्रू ड्रायव्हर.

त्याची हकीकत ऐक. ऐक म्हणजे वाच. तो पिवळ्या मुठीचा, तुला माहीत आहे. टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं बेअरिंग आपलं दुखणं आपणहून सांगतं. त्या एका काडीवर मी टपरीचा कारखाना केला आणि लोक मला कानवाला म्हणायला लागले. तो मी हातातल्या पिशवीत ठेवला होता, कारण सामान चढवणारा देवमाणूस असला तरी विमानाच्या पोटात टाकलेल्या सामानाचा मला भरवसा नाही. आपल्याकडच्या तपासणीत तो निसटला, पण मध्ये विमान बदलताना तिथल्या तपासणीवाल्याने तो बाहेर काढला आणि भुवया उंचावल्या. भाषा येईना, म्हणून मी त्याला करूनच दाखवलं. मूठ कानामागे लावली, टोक त्याच्या सरकत्या पट्ट्याच्या यंत्रावर टेकवलं, आणि खुणेने सांगितलं की डाव्या बाजूचं बेअरिंग आता फार दिवसांचा सोबती नाही. त्याने आणखी दोघांना बोलावलं. लेक दहा पावलं पुढे जाऊन भिंतीवरची जाहिरात वाचायला लागली, जणू मी कोणी परकाच. शेवटी जावईबापू जाऊन काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी मला सोडवून आणलं. स्क्रू ड्रायव्हर मात्र राहिला.

जावईबापूंबद्दल तक्रार नाही, पण हा मुलगा ओठांतल्या ओठांत बोलतो. हल्ली सगळ्यांनाच ही सवय लागली आहे. कारखान्यात लेथ धडधडत असताना मिस्त्री काय म्हणतो ते मला स्वच्छ कळतं, आणि इथे बंद खोलीत, टाचणी पडली तरी वाजेल अशा शांततेत, जावईबापू काय म्हणाले ते कळत नाही. यावरून दोष कोणाचा ते तूच ठरव. लेक शाळेत शिकवते, तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिचं कधी काही चुकत नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही उतरलोय ती एक अरुंद इमारत आहे, तिसरा मजला, दोन खोल्या, लोखंडी कठड्याची गॅलरी आणि हातभर स्वयंपाकघर. समुद्र गल्लीच्या टोकाला, पण मध्ये एक उंच इमारत आडवी आली आहे, म्हणून तो दिसत नाही. दिसणाऱ्या खोल्या आपल्या आवाक्याबाहेरच्या होत्या. जाहिरातीत लिहिलं होतं की या खोलीतून समुद्राचा आवाज येतो, तो ऐकत झोपा. ही त्यावरच भुलली. म्हणाली, दिसायला आपण चालत जाऊ, पण झोपताना तो ऐकू आला पाहिजे.

आल्याबरोबर मी खिडकी उघडली. काही नाही. दुसरी उघडली. काही नाही. सगळ्या मोटरी एकदम बंद पडल्यावर कारखान्यात होते तशी शांतता. ताई, या घरमालकिणीने आपल्याला फसवलंय. आणि फसवून फसवलं कोणाला, तर मला. आप्पांचे कान पन्नाशीत गेले, तुझे त्याच्याही आधी. दर वाढदिवसाला मी मनातून घाबरून असायचो, सकाळी उठलो की आधी उशाच्या घड्याळाला कान लावायचो. पण पन्नाशी उलटून चार वर्षं झाली आणि घराण्याचा तो वारसा माझ्या दारावरून परत गेला. तीन पंप एकदम चालू असताना त्यातला कुठला आजारी आहे ते मी सांगतो, मला समुद्र ऐकू येणार नाही का? तो काय चोरपावलांनी येतो?

ती अकराच्या चहाच्या वेळेला वर येणार आहे. तेव्हा बोलतोच. ही आत्ता म्हणाली की पत्र लवकर संपवा. तुला ठाऊकच आहे, फोटो काढून पाठवायचं खातं हिच्याकडे. मला ते बटण सापडत नाही.

लोभ आहेच. जपून खर्च कर, परत येईपर्यंत पुरला पाहिजे.

तुझा
धाकटा


सोमवार, तुझं पत्र वाचून लगेच

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्राचा फोटो मिळाला. तुझं अक्षर मोठं करून वाचलं तरी ते अक्षरच वाटेना. पण ते काही परदेशाचं पाणी नाही, लहानपणापासूनचं आहे. लोक म्हणतात फोन कर. माझे कान गेल्यापासून आपल्या घराने पत्रं सोडली नाहीत, याचा मला मनातून आनंदच आहे. फोनवर तू मला एवढं कधी सांगितलं असतंस? फोनवर तुझं बोलणं म्हणजे पोचलो, जेवलो, ठेवतो.

इकडे सगळं ठीक. तुझा मिस्त्री सकाळी येऊन गेला. तो माझ्याशी पाटीवर लिहून बोलतो. कारखाना उघडला का असं विचारलं तर मान हलवली, आणि मग पाटीवर लिहिलं की मालक नाहीत तर गिऱ्हाईकं चहा पिऊन परत जातात, पंप ठेवत नाहीत. त्यांना म्हणे तुझ्या कानाखालून गेल्याशिवाय भरवसा वाटत नाही. तू हे वाचून छाती फुगवशील म्हणून सांगणार नव्हते.

तुझा स्क्रू ड्रायव्हर गेला ते वाचून हसले. त्या माणसाने तुला त्याच्यासकट ठेवून घेतलं नाही हे वहिनीचं नशीब, की दुर्दैव, ते तिलाच विचारते.

आता त्या खोलीचं. भांडणाची एवढी घाई करू नकोस. ऐकू न येण्याची कारणं पुष्कळ असतात, आणि त्यातलं समोरची बाई खोटारडी असणं हे सगळ्यात सोपं कारण असतं. म्हणून ते आपल्याला आधी सुचतं. तिला काही बोलण्याआधी घरातल्या माणसांना विचार, त्यांना आवाज येतो का. वहिनीला विचार. लेकीला विचार. जावयालाही विचार. आणि विचारताना चेहरा मालकासारखा करू नकोस. तुझा तो चेहरा मी पाहिला आहे. त्याच्यापुढे मिस्त्रीसुद्धा चांगल्या मोटरीला वाईट म्हणतो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कमी हसले. का ते तू आलास की बोलू, म्हणजे लिहू.

वहिनीला आज समुद्रावर ने. तिची वाट बघून झाली आहे.

माया आहेच. तू मागितली नाहीस तरी पोचत राहील.

तुझी
ताई


सोमवार, दुपार

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. हे पलीकडच्या खोलीत आडवे झालेत, आणि घोरणं चालू आहे तोवर माझ्याकडे वेळ आहे.

तुम्ही यांना सांगितलंत की घरातल्यांना विचार. सांगितलंत ते बरोबरच. पण यांनी काय केलं ऐका. घरमालकीण वर आली. साठीपुढची, जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई आहे बिचारी. हातात आमच्यासाठी धुतलेले टॉवेल होते. यांनी तिला टॉवेल खाली ठेवूही दिले नाहीत. तिला खोलीच्या मधोमध उभं केलं, जावईबापूंना दुभाष्या केलं, आणि म्हणाले की माझ्या बहिणीचा सल्ला आहे, म्हणून मी आधी माझ्या माणसांना विचारणार, मगच तुम्हाला दोष देणार. मग आमच्याकडे वळून मलाच पहिलं विचारलं, तुला समुद्राचा आवाज येतो का.

ताई, आवाज येत होता. आल्यापासून येतो आहे. गल्लीच्या टोकाला दगडी भिंत आहे, तिच्यावर लाटा अशा आपटतात की पहिल्यांदा मी दचकून पिशवी खाली टाकली होती. पण एका परक्या बाईसमोर, टॉवेल हातात घेऊन उभ्या असलेल्या, मी कसं म्हणू की सगळ्यांना येतो, तुम्हालाच येत नाही? माझ्या तोंडून नाही असं गेलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही नाही म्हणाली. जावईबापूंना विचारलं तेव्हा त्यांनी घसा साफ करून, छाती भरून, अजिबात नाही असं सांगितलं. लग्न झाल्यापासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य असेल जे यांना एका दमात ऐकू आलं, आणि ते खोटं होतं.

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि खिडकीची काच थरथरली. आम्ही तिघं जमिनीकडे बघत उभे. घरमालकीण आधी खिडकीशी गेली, मग गॅलरीत गेली, स्वतःच्या कानात बोट घालून हलवून पाहिलं, आणि परत येऊन आमच्यातल्या एकेकाकडे बघितलं. मग तिने जावईबापूंना विचारलं की तुमच्या देशात समुद्र कशाला म्हणतात.

शेवटी तिने हात जोडल्यासारखं केलं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या तशाच दोन खोल्या उघडून दिल्या. तिथे आवाज जास्त येतो म्हणून. भाडं तेच. चार जिने चढून आम्ही सामान वर नेलं. वर तर काय, समुद्र उशाशी आल्यासारखा. हे खोलीत शिरले, मान तिरकी केली, आणि म्हणाले की चला, निदान हवा तरी बरी आहे. मग जिंकल्यासारखे झोपले.

मला हे वर्षभर कळतं आहे. दाराची घंटा, दुधाचं उतू जाणं, मागून मारलेली हाक, सगळं एकेक करून गेलं. मी आता काही सांगायचं असलं की हातातलं टाकून यांच्या समोर येऊन उभी राहते, तोंडाकडे बघितलं की यांना कळतं. जेवायलाही बाजूला न बसता समोर बसते. यांना वाटतं, या वयात माझं प्रेम उतू चाललंय. परवा शेजारच्यांना तसं सांगत होते.

कारखान्यातलं मात्र कधी चुकत नाही, म्हणून यांना शंकाही येत नाही. तो स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावला की सगळं कळतं म्हणे. कसं ते मला कळत नाही, पण मी ते बिघडवायला धजत नाही. कानवाला म्हणून सगळी इज्जत. ती गेली तर हा माणूस काय करेल, याची मला भीती वाटते. तुम्ही यांना एवढ्यात काही लिहू नका. सहल गोडीत होऊ दे.

समुद्रावर अजून गेलो नाही. आधी भांडण, मग जिने, मग झोप. पहिला दिवस असा चालला आहे.

आपली माया या भावजयीवरही राहू दे, आज तिला गरज आहे.

आपली
भावजय


सोमवार, दिवे लागताना

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी पोटभर हसले आणि मग पदर डोळ्यांना लावला, असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, पण तसंच झालं.

तू त्याला जपते आहेस ते कळतं. मलाही माझ्या माणसांनी जपलं होतं. मी तेव्हा टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, आणि मला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मी तारांना दोष दिला. तारा खराब आहेत, पलीकडची माणसं हळू बोलतात, पावसाने लाईन दबली आहे. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण माझे नंबर निमूटपणे जोडून द्यायची. घरी सगळे हो ताई, नाही ताई. कोणी मला सांगितलं नाही. मी भांडत राहिले, आणि हळूहळू लोकांनी माझ्याशी भांडणंसुद्धा सोडून दिलं. वहिनी, ऐकू येणं जातं त्याचं एवढं काही नाही. लोक आपल्याला काही सांगायचंच सोडून देतात, ते जड जातं. आप्पांचं तेच झालं होतं.

त्या खोलीत तुम्ही तिघं नाही म्हणालात, तेव्हा तो एकटा पडला. त्याला ते कळलं नाही एवढंच.

हट्ट माझा नाही. तो तुझा नवरा आहे, वेळ तू ठरव. पण ठरव.

मायेला तोटा नाही, हे तुला माहीत आहे. तरी लिहिते.

तुझी
ताई


सोमवार, संध्याकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. फोटो हीच काढणार, पण फोटो काढताना ही वाचत नाही. चष्मा शोधायचा कंटाळा येतो तिला. तरी अक्षर मुद्दाम बारीक काढतो आहे.

दुपारी झोपून उठलो तर तिघं पाव आणि दूध आणायला खाली गेली होती. खोलीत मी एकटा. मला एक विचार सुचला, आणि तो माझ्यासारख्या शहाण्यालाच सुचू शकतो. म्हटलं, समुद्र तर आहेच, मग तो ऐकू का येत नाही? नक्कीच या इमारतीत कुठेतरी एखादा मोठा पंप चालू असणार, आणि त्याच्या घरघरीत समुद्र बुडून जात असणार. तो पंप शोधून घरमालकिणीच्या पदरात घालायचा, म्हणजे सकाळचं भांडण मुद्देसूद होईल. स्क्रू ड्रायव्हर नव्हता. स्वयंपाकघरात एक लांब दांड्याचा लाकडी चमचा मिळाला. त्याचं डोकं आधी पाण्याच्या नळावर टेकवलं, दांडा कानामागच्या हाडाला. काही नाही. मग खिडकीजवळच्या खांबावर टेकवला.

सापडला. खाली कुठेतरी खोल, मोठा पंप. धप्प, मग ओढ, मग रिकामं, मग पुन्हा धप्प. मी लगेच निदान केलं. दट्ट्याचा पंप आहे, फार जुना, झडप झिजलेली, पाया सैल. चाल इतकी संथ की प्रत्येक फेरीनंतर थांबून विचार करत असावा. मनात म्हटलं, असलं धूड कोणा गाढवाने बसवलं? आणि तसाच, चमचा कानामागे धरून, खिडकीबाहेर बघितलं. वरच्या मजल्यावरून दोन इमारतींच्या फटीतून गल्लीचं टोक दिसतं. तिथे दगडी भिंतीवरून पाण्याचा एक पांढरा पिसारा वर उडाला. त्याच क्षणी धप्प. पिसारा खाली आला. ओढ. पुन्हा उडाला. धप्प.

मी चमचा काढला. पिसारा उडाला, आवाज नाही. चमचा लावला, धप्प. काढला, नाही. पाकीट गेल्यावर माणूस एकच खिसा किती वेळा चाचपतो, तितक्या वेळा मी ते करून बघितलं. चमचा लावला की समुद्र चालू, काढला की बंद.

ताई, मग मला एकेक करून सगळं आठवलं. जावईबापू पुटपुटत नाहीत. कारखान्यात मला सगळं ऐकू येतं, कारण तिथे माणसं गोंगाटामुळे ओरडून बोलतात, आणि मोटरीचं बोलणं मी हाडातून ऐकतो. बाकीच्या दिवसभरात मी नुसता हसऱ्या चेहऱ्याने बसतो. आप्पा बसायचे तसा. आठवतं, सगळे हसले की आप्पा थोडे मागून हसायचे, आणि आपण कोपराने एकमेकांना ढोसायचो. मी आता पलंगावर बसून आठवायचा प्रयत्न केला की हल्ली मी सगळ्यांबरोबर हसतो की मागून. आठवेना. मागून हसणाऱ्याला ते कळत नसावं.

थोडा वेळ फार वाईट गेला. मिस्त्रीला कळलं तर काय, गिऱ्हाईकांना कळलं तर काय, कारखान्याच्या पाटीवर कानाचं चित्र काढून घेतलंय त्याचं काय. ते चित्र काढताना रंगाऱ्याने विचारलं होतं की एक काढू का दोन. मी ऐटीत म्हणालो होतो, एकच पुरे.

मग मनात आलं की त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. जावईबापूंना सोबत न घेता एकटाच खाली गेलो. तिची भाषा येत नाही, आणि माझी माफी काही लेथवर कातून देता येत नाही. म्हणून दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान धरले आणि मान खाली घातली. तिने माझ्याकडे बघितलं, समुद्राकडे बोट दाखवलं, आणि प्रश्नार्थक चेहरा केला. मी जोरजोरात मान हलवली आणि कान आणखी घट्ट धरले. तिच्या चेहऱ्यावर असा काही थकवा आला की विचारू नकोस. आत गेली आणि कापसाचे दोन बोळे आणून माझ्या हातावर ठेवले. सकाळी समुद्र ऐकू येत नाही म्हणून भांडलेला माणूस संध्याकाळी तो फार मोठ्याने ऐकू येतो म्हणून रडत आला, असा तिचा समज झाला. मी बोळे घेतले, नमस्कार केला आणि वर आलो. एखादी माफी आपण जिथे ठेवायला जातो तिथे पोचत नाही, पण निघाली तरी होती.

ती तिघं परत आल्यावर मीच म्हणालो की चला समुद्रावर. भिंतीला पायऱ्या आहेत, त्यांवरून खाली वाळूत उतरलो. जवळ गेल्यावर मलाही ऐकू आला, ताई. चमच्याशिवाय. दुरून येणाऱ्या मिरवणुकीसारखा, पण आला. हिने चपला माझ्या हातात दिल्या आणि पाण्यात गेली. इतकी वर्षं जिची वाट बघितली त्या समुद्राकडे तिने फार वेळ बघितलंही नाही. उलटी फिरली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि पाणी किती गार आहे, वाळू पायाखालून कशी सरकते, हे सगळं मलाच सांगत बसली. मागून लाट आली आणि गुडघ्यापर्यंत भिजली तरी वळली नाही. या वयात एवढं प्रेम. लेक आणि जावईबापू एकमेकांकडे बघत होते. त्यांना हेवा वाटला असणार.

तिथे उभा असताना मी ठरवलं. परत आल्यावर पंपाचं सामान आणायच्या निमित्ताने दुसऱ्या गावी जायचं, तिथे एखाद्या कानाच्या डॉक्टरला दाखवायचं. मशीन म्हणाला तर मशीन, आणखी काही म्हणाला तर आणखी काही. तू तुझं मशीन डब्यात ठेवून पाटी वापरतेस, तसं मी करणार नाही. पण तोपर्यंत कोणाला कळता कामा नये. ही घाबरेल, लेक शाळा सोडून धावत येईल, जावईबापू ओरडून बोलायला लागतील आणि मग मला त्यांची सगळी मतं ऐकावी लागतील. ही गोष्ट आज जगात मला, तुला आणि त्या लाकडी चमच्याला ठाऊक आहे. माझ्या पोटातलं बाहेर काढायला अजून कोणी जन्मला नाही. धंद्यात एवढी वर्षं काढली ती त्याच्यावरच. तिघांचीही आज दिवसभर माझ्याशी वागणूक अगदी नेहमीसारखी आहे, कोणाला म्हणून संशय नाही.

तू मात्र सकाळच्या पत्रात म्हणालीस की दुसऱ्यांदा वाचताना कमी हसलीस. तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. तुझ्याशी मीही मोठा आवाज काढून, चेहरा समोर ठेवून किती वेळा बोललो असेन, आणि किती वेळा कंटाळून सोडून दिलं असेल. आलो की पाटी घेऊन बसतो तुझ्याजवळ. बरंच सांगायचं राहिलंय.

लोभ तुझा आहे म्हणून निभावलं. तो असाच चालू ठेव, मी त्याला कधी कान लावून तपासला नाही.

तुझा
धाकटा


ताई, त्याच पानावर खाली लिहिते आहे. फोटो मी चष्मा लावूनच काढते, नाहीतर अक्षरं हलतात. हे पान फोटो काढून झाल्यावर यांच्याच हातात परत देणार आहे, म्हणजे तुमच्यानंतर हे वाचतील. मोठ्या आवाजात सांगण्यापेक्षा हे बरं.

कानाच्या डॉक्टरांकडे मी यांचं नाव विमानाची तिकिटं काढण्याच्या आधीच घालून ठेवलं आहे. परतल्यावरच्या पहिल्या बुधवारी, सकाळी. लेकीने त्या दिवशीची रजा टाकली आहे आणि गाडी जावईबापू चालवणार आहेत.